फाटक्या कानाचं उंडगं

रानातल्या घोड्यांना परके लोक रानघोडे म्हणत. बाजारकुणंग गावचे लोक त्यांना उंडगी म्हणत, आणि फरक समजावून सांगायच्या फंदात पडत नसत. रानघोडं रानात जन्मतं. उंडगं कुणाच्या तरी दारातून गेलेलं असतं. घाटाखालून मीठ आणणारा गडी वाटेत मेला, तर तेराव्याला त्याचं तट्टू शिवेपर्यंत न्यायचं, गळ्यातली घंटा काढायची आणि "आजपास्नं तू उंडगं" म्हणून पाठ फिरवायची. पुढं सोडणाऱ्यानं त्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर जनावराच्या मागोमाग मेलेलाही परततो, असं गावाचं मत. एरवी तुटका दोरसुद्धा गाठ मारून ठेवणारी ही माणसं, पण धडधाकट तट्टू सोडताना कुणी कुरकुरत नसे.

केशरचा नवरा झिलू प्लेगाच्या साली घाटातच गेला. तट्टू सोडलं ते तिच्या सासूनं, फुलानं. घरात तिसरं कोणी नव्हतंच. केशर रडली नाही. तेराव्याच्या सकाळीही तिनं भात कांडलं, पाणी भरलं. त्यानंतरही तेच करत राहिली.

वर्षानं खानापूरकडचा तुकाराम लाकडं ओढण्यासाठी रानातली तट्टं धरायला आला. माणूस हिशेबी, पण खोटा नव्हे. त्यानं फास लावले ते नेमके फुलाच्या शेताच्या बांधाशी. उंडगी रोज तिथंच येतात, हे त्यानं हेरलं होतं. का येतात, हे केशरलाही ठाऊक नव्हतं.

दुपारी करड्या रंगाचं, फाटक्या कानाचं एक सापडलं. दोर ताणून उभं राहिलं, मान केशरकडं.

"मालक असंल तर आत्ताच बोला," तुकाराम ओरडला. "मागनं तोंड वाजवायचं न्हाई. नाव घेऊन हाक मारा. आलं तर तुमचं, घेऊन जावा."

जमलेली माणसं आपापल्या पायाखालची माती बघू लागली.

"काय अक्का, तुमचं काय? तुमच्याकडंच बघालंय की!"

झिलूच्या तट्टाचं नाव केशरच्या जिभेवर होतं. तिनं सासूकडं पाहिलं. फुला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"उंडगं हाय," केशर म्हणाली.

"झ्याक! म्हणजे वैरणीचाच काय तो खर्च." तुकारामानं तिथल्या तिथं त्याचं बारसं केलं. "चल रे राजा!"

राजानं कानसुद्धा हलवला नाही. गड्यांनी त्याला ओढत नेलं.

सांजच्याला दोघी जेवायला बसल्या.

"तू हाक मारशील असं वाटलं हुतं," फुला ताटाकडं बघत म्हणाली.

"मी? सोडलासा तुमी, आत्ती."

"म्हणून तर माझी जीभ बांधलेली. तुझी न्हवती."

"मी तुमच्याकडं बघालते. तुमी मान हलवशीला म्हणून."

"व्हय. मी बी वाट बघालते, तू कवा तोंड उघडतीस म्हणून."

आमटीवर पापुद्रा धरला.

"बांधावर कोंडा कोण टाकत हुतं?" केशरनं विचारलं.

"मीच. उपाशी लांब जाईल म्हणून."

म्हणजे जनावराला वर्षभर वैरण घालून तुकारामाच्या फासापाशी याच घरानं आणलं होतं. केशरनं उरलेली भाकरी दुरडीत झाकून ठेवली.

सकाळी भात कांडून झालं. सुपात कोंडा निघाला. फुला त्याच्याकडं बघत बसली. केशरनं सूप उचललं, बांधावर नेऊन रितं केलं, झटकलं, आणि घागर घेऊन पाण्याला गेली.