आई माथेरान उतरून आली

बाबांचा एक नियम होता: डोंगरावरचं गाव पायांनीच बघायचं. घोडा नाही, हातरिक्षा नाही, वाटेत उगाच बसणं नाही. जायच्या महिनाभर आधी ते एका वहीत सगळं लिहून काढत. कुठल्या पॉइंटला किती वाजता पोचायचं, कुठला बंगला कुणाचा, पाणी कुठे प्यायचं. १९८५ च्या डिसेंबरात त्या वहीत माथेरान होतं. मी बारावीत होते, मार्चमध्ये परीक्षा होती. पण नाताळची सुट्टी होती, बाबांच्या ऑफिसातले जयवंतकाका बरोबर येणार होते, आणि बाबांनी ठरवलं म्हणजे ठरलं.

आम्ही घाटकोपरला पंतनगरात राहायचो. आई मरोळला औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होती. चौदा वर्षं झाली होती तिला. त्या वर्षी एप्रिलमध्ये तिथे सुपरवायझरची जागा निघाली, आणि ती आईलाच मिळणार असं सगळं खातं धरून चाललं होतं. मिळाली जयंतीला. जयंती आईच्या मागून पाच वर्षांनी लागलेली, आईनंच हाताला धरून काम शिकवलेली. त्या संध्याकाळी आईनं सगळ्या पोळ्या करपवल्या.

"साहेबांच्या मागेपुढे करत असणार गं अनू," ती म्हणाली. "मला दिसलंच नाही."

त्या दिवसापासून तिनं जयंतीशी बोलणं टाकलं. कामापुरतं हो नाहीतर नाही. डबा खाताना मुद्दाम तिच्याकडे पाठ करून बसायची. हे ती मला घरी येऊन सांगायची, आणि सांगताना तिच्या आवाजात जरा अभिमान असायचा.

माथेरानला आम्ही शनिवारी पोचलो आणि बाजाराच्या मागे एका घरात दोन खोल्या घेतल्या. रविवारी सकाळी सातला बाबांनी आम्हांला बाहेर काढलं. थंडी चांगलीच होती. लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना दाट झाडी, मध्येच एखादं फाटक आणि आत कुलूप लावलेला जुना बंगला. बाबा प्रत्येक फाटकापाशी थांबून वही उघडत.

"हा एका पारशी शेठजींचा. व्हरांडा बघा, केवढा खोल आहे. उन्हाळ्यात सगळं कुटुंब इथे हलायचं."

"आणि पाणी कोण भरायचं?" आईनं विचारलं. तिची टाच कालपासून दुखत होती.

"त्याची नोंद नाही माझ्याकडे," बाबा म्हणाले आणि पुढे निघाले.

शार्लोट लेकला पोचेपर्यंत आई बरीच मागे पडली होती. बाबा घड्याळ बघत उभे. आई आली आणि तळ्याच्या बांधावर सरळ बसली. जयवंतकाकांना तिची दया आली असावी. त्यांनी पिशवीतून संत्रं काढून तिच्या हातात दिलं आणि बोलायचं म्हणून बोलले.

"दमलात ना वहिनी? पण एका परीनं बरं झालं तुम्ही ती सुपरवायझरची जागा नाकारलीत. नाहीतर असं दोन दिवस निघता आलं असतं का?"

आई संत्रं सोलत होती. तिचे हात थांबले.

"नाकारली? मी कुठे नाकारली, भावोजी? मला दिलीच नाही त्यांनी."

"अहो, विद्याधरच म्हणाला..." काका बोलता बोलता बाबांकडे बघायला लागले, आणि त्यांच्या लक्षात आलं. "माझी ऐकण्यात काही चूक झाली असेल," ते घाईनं म्हणाले.

"चला, लुईझा पॉइंटला उशीर होतोय," बाबा म्हणाले.

"काय म्हणालात तुम्ही भावोजींना?"

"सुनंदा, ती जुनी गोष्ट आहे. इथे नको."

"इथेच. काय केलंत तुम्ही?"

बाबांनी वही मिटली. मग एखाद्या कारकुनाला समजावून सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, "तुमच्या मॅनेजरांना भेटलो होतो. मार्चच्या शेवटी. तुला ते जमलं नसतं. पाळ्या बदलत्या, यायला रात्रीचे नऊ वाजणार. अनूची बारावी तोंडावर. मी त्यांना सांगितलं की घरच्या अडचणीमुळे तुझी इच्छा नाही. तुला विचारलं असतं तर तू भरीला पडून हो म्हणाली असतीस."

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं आणि माझे कान तापले.

"माझं नाव का घातलंत?" मी ओरडले. बाबांवर मी त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता. "मी सांगितलं होतं का? मला विचारलं होतं तुम्ही?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"ती बोलेल," आई म्हणाली. ती उभी राहिली होती. "बारावीच्या मुलीला दोन दिवस डोंगरात फिरवायला तुम्हांला चालतं. तेव्हा अभ्यास आठवत नाही. माझी नोकरी आली की आठवतो. आठ महिने, अहो! आठ महिने मी घरी येऊन रडले तुमच्यासमोर. आणि तुम्ही मला म्हणालात, जाऊ दे सुनंदा, कारखान्यातलं राजकारण असतं ते. हेच म्हणालात ना? हेच शब्द?"

"तुझ्या भल्यासाठीच..."

"माझं भलं तुम्ही माझ्या पाठीमागे जाऊन करता?"

पलीकडे पिसारनाथाच्या देवळाकडे जाणारी चार माणसं थांबून बघू लागली.

"तमाशा करू नकोस," बाबा हळू आवाजात म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू देत. वाटेवर बघण्यासारखं जे तुमच्या वहीत नाही, ते बघू देत त्यांना."

अर्धं सोललेलं संत्रं तिनं बांधावर ठेवलं आणि ती आल्या वाटेनं चालू लागली. बाबांनी दोनदा हाक मारली. मी बाबांकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि आईच्या मागे पळाले.

दुखऱ्या टाचेची बाई ती, पण मला तिला गाठायला धावावं लागलं. सकाळी जिथे आम्ही थांबून थांबून आलो होतो ते सगळे बंगले तिनं मान न वळवता मागे टाकले. एक घोडेवाला वाटेत आडवा आला, "बाई, घोडा?" म्हणाला. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं घोडाच बाजूला घेतला. खोलीवर येऊन तिनं आपली पिशवी भरली, माझी भरली, आणि घरमालकिणीला सांगितलं, "साहेब संध्याकाळी येतील. आम्ही निघालो म्हणावं."

दस्तुरी नाक्यावर टॅक्सी उभ्या होत्या. मी म्हटलं, "आई, बसू या ना."

"मला चालू दे," ती म्हणाली. "बसले तर मी काय करीन मला माहीत नाही."

तशी ती अख्खा घाट पायी उतरली. मी मागे. रस्ता वळणावळणांचा, ऊन चढलेलं, गाड्या खाली जाताना अंगावर धुरळा उडवून जायच्या. पहिला तासभर ती बाबांशी भांडत होती, ते समोर नसताना. लग्नानंतर सोडलेली कॉलेजची परीक्षा निघाली, आजोबांच्या आजारपणात खर्ची पडलेल्या रजा निघाल्या. मग एका वळणावर ती एकदम गप्प झाली. कठड्यावर बसली आणि रडायला लागली. मला वाटलं बाबांमुळे.

"अनू," ती म्हणाली, "त्या जयंतीनं माझं काय वाकडं केलं होतं गं? दिवाळीला तिनं फराळ आणला माझ्यासाठी. मी डबा उघडलासुद्धा नाही. तसाच परत केला. सगळ्यांसमोर."

मी तिच्या टाचेला रुमाल बांधला. नेरळला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते.

बाबा त्या संध्याकाळीच आले. त्यांना वाटलं होतं घरी येईपर्यंत आई निवळेल. आई निवळली नव्हती. तिनं ताट वाढलं, आणि ती माझ्या खोलीत माझ्या शेजारी झोपली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात काय झालं ते तिनंच मला सांगितलं. सकाळी सकाळी ती मॅनेजरांसमोर उभी राहिली. "माझी इच्छा आहे की नाही हे तुम्ही मला का विचारलं नाहीत, साहेब?"

"अहो, तुमचे मिस्टर स्वतः आले होते," साहेब म्हणाले. "आम्हांला वाटलं घरात बोलणं झालं असेल."

"काम मी करते. मिस्टर करत नाहीत." तिनं तिथेच एक कागद मागून घेतला आणि लिहून दिलं की माझ्या नोकरीबद्दल यापुढे माझ्याखेरीज कुणाचंही बोलणं धरू नये. खाली सही, तारीख. साहेबांनी तो ठेवून घेतला. दुसरं ते काय करणार?

मधल्या सुट्टीत ती जयंतीकडे गेली आणि बाबांनी काय केलं ते तिला सांगितलं. मला वाटत होतं जयंती आता आईच्या गळ्यात पडेल. तसं झालं नाही.

"मला एवढंच माहीत होतं की तुम्ही नाही म्हणालात," जयंती म्हणाली. "साहेबांनीच सांगितलं होतं. मला वाटायचं, स्वतः सोडली आणि आता मला मिळाली म्हणून जळतायत. रोज रात्री घरी जाऊन विचार करायचे, माझं काय चुकलं. आठ महिने सुनंदाताई! एकदा विचारायचं तरी मला. एकदाच. मी काय लांब बसत होते?"

"विचारायला हवं होतं," एवढंच आई म्हणाली. जयंतीनं डबा बंद केला आणि ती कामावर निघून गेली. तिचा राग उतरायला पावसाळा उजाडला. आईनं तक्रार केली नाही. "तिचा हक्कच आहे," म्हणायची.

बाबांनी तीन आठवडे वाट बघितली. मग एका रविवारी जेवताना म्हणाले, "मी चुकलो असं म्हणायला हवंय का तुला?"

"हो," आई म्हणाली. "हवंय."

ते बराच वेळ आमटीत भात कालवत राहिले. शेवटी ताटाकडे बघतच म्हणाले, "चुकलो."

"बरं," आई म्हणाली आणि तिनं त्यांना ताक वाढलं.

मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या पाळीला सुपरवायझरची जागा निघाली आणि ती आईला मिळाली. ती बातमी तिनं आधी मला सांगितली, मग शेजारच्या सोनूबाईंना, मग गावाकडच्या आपल्या बहिणीला पत्रानं कळवली. बाबांना ती कळली ती चौथ्या दिवशी, सोनूबाईंकडून, जिन्यात. ते वर आले आणि दारातच उभे राहिले.

"मला सांगितलं नाहीस?" त्यांनी विचारलं.

"नाही," आई म्हणाली, आणि कामावर जायची साडी इस्त्री करत राहिली.