मातीसाहेबांची बोटं

"अहो, ही कुठली चिकणमाती? नुसती कचकच लागतेय!"

बायकोने चिमूट चोळून पाहिली आणि छातीभर खोल खड्ड्यात उभ्या असलेल्या मातीसाहेबांचा चेहरा उतरला. माती तपासून तिचे नकाशे करण्यात या माणसाचा जन्म गेला होता, म्हणून वसाहतीत सगळे त्यांना मातीसाहेबच म्हणत. ओली माती अंगठ्याने बोटावर दाबत तिची पट्टी काढायची. लांबली तर चिकण, तुटली तर रेताड. एवढ्यावर त्यांनी कितीतरी नकाशांत रेघा ओढल्या होत्या. पण कॅन्सरच्या औषधांनी आजाराबरोबर बोटांची संवेदनाही घालवली. ऑफिसात त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. निवृत्तीआधीचा हा शेवटचा नकाशा त्यांना स्वतःच पुरा करायचा होता. बायको सोबत आली होती ती फक्त गोळ्या वेळेवर द्यायला.

"तुला काय कळतंय मातीतलं?" ते खेकसले.

"मातीतलं नाही कळत, तुमचं कळतं. परवा तापलेलं पातेलं धरून उभे होतात. कधीपासून चाललंय हे?"

साहेबांनी नकाशाकडे पाहिलं. इथे चुकीची रेघ पडली, तर तिच्या भरवशावर लोक वर्षानुवर्षं पेरत राहणार. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता.

"औषधं सुरू झाल्यापासून," ते म्हणाले आणि त्यांना रडूच आलं.

तिने बाह्या सरसावल्या आणि ती खड्ड्यात उतरली. "शिकवा मला. पण पुन्हा खेकसलात, तर तुम्हाला इथेच पुरून जाईन."

मग प्रत्येक खड्ड्यात तसंच झालं. थरांचे रंग, मुळं, खडे साहेब पाहायचे. माती ती चोळायची. ती "साबणासारखी" म्हणाली की ते हसून टिपून घ्यायचे.

"उद्या ऑफिसात खरं सांगतो," ते म्हणाले.

"सांगा. मलाही मातीबाई म्हणू देत."

शेवटच्या खड्ड्यात तिने पट्टी काढली, ती लगेच तुटली. साहेबांनी नकाशावर रेघ ओढून पेन्सिल खिशात टाकली. ती हात झटकू लागली.

"थांब. अजून सांग ना."

"अहो, ओढलीत की रेघ!"

"नकाशाचं झालं गं. मला सांग. हाताला कशी लागते?"

तिने पुन्हा चिमूटभर माती घेतली, डोळे मिटले आणि सावकाश सांगू लागली, "गार आहे. वरून मऊ, पिठासारखी. आत बारीक बारीक टोचतं..."