बाबा मस्कतला

मस्कतहून रजेवर निघताना विनीतनं मनाशी दोन गोष्टी पक्क्या केल्या होत्या. एक, घराच्या मागच्या पडवीवर नवे पत्रे घालायचे. दुसरी, सानवीला खांद्यावर बसवून हत्ती दाखवायचा. पत्रे पहिल्याच आठवड्यात चढले. सानवी मात्र त्याच्या खांद्यावर काही चढेना.

तिचा दोष नव्हता. मागच्या रजेनंतर विनीत परत गेला तेव्हा ती जेमतेम सहा महिन्यांची होती. आता अडीच वर्षांची झाली, चुरूचुरू बोलायला लागली. दर शुक्रवारी शेजारच्या दुकानात फोन यायचा, सुविधा तिला कडेवर घेऊन धावायची आणि सानवी त्या काळ्या रिसिव्हरात तोंड घालून "बाबा, जेवलात?" असं विचारायची. पण दारात सामानाच्या खोक्यांसकट उभा राहिलेला, घामेजलेला, दाढी वाढलेला माणूस हा तोच बाबा, हे तिला काही केल्या पटलं नाही. ती आजीच्या पदरामागं जाऊन उभी राहिली ती तीन आठवडे तिथंच. आणलेली बोलकी बाहुली तिनं घेतली, पण विनीत बाहेर गेल्यावर.

"सवय होईल हो," सुविधा म्हणायची. "पोर हाय ती."

सवय व्हायला महिना पुरायचा नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि रजा महिन्याचीच होती.

जानेवारीत रत्नागिरीत सर्कस आली. हातखंब्याच्या नाक्यावर तिचे पिवळे कागद चिकटले, त्यावर सोंड उंचावलेला हत्ती. रजेचे चार दिवस उरले होते. रविवारी दुपारच्या खेळाला जायचं ठरलं. विनीतचे वडील काशीराम म्हणाले, "तुमी तिगां जावा. आमी म्हातारी माणसं मध्यात कशाला?" विनीतला कळलं, त्यांनी मुद्दाम वाट मोकळी करून दिलीय.

एस.टी.त सानवी आईच्या मांडीवर बसली. तंबूतही तिथंच. विनीत शेजारी, फळीवर. हत्ती आला, स्टुलावर बसला, सोंडेनं घंटा वाजवली. सानवीनं टाळ्या पिटल्या. "आय, हत्ती! हत्ती बसला!" तिनं आईकडं बघितलं आणि मग, मधे आजीचा पदर नव्हता म्हणून असेल, विनीतकडंही बघून हसली. त्यानं हळूच तिच्या पावलावर बोट ठेवलं. तिनं पाऊल ओढून घेतलं नाही. तेवढं त्याला खूप झालं. पुढं कुत्री आली, पोपट आले, पण त्याचं सगळं ध्यान त्या पावलावर होतं.

झोपाळ्यांचा खेळ सुरू झाला आणि पाठीमागून फट्‌ असा आवाज आला. दिवे एकदम गेले. कनातीच्या सांध्यातून काळा धूर आत यायला लागला. कुणीतरी ओरडलं, "आग! आग लागली!"

मग जे व्हायचं तेच झालं. सगळी गॅलरी एकदम उठली. फळ्या करकरल्या, वरची माणसं खालच्यांवर आली. सुविधा उठायला गेली तर तिचा पाय दोन फळ्यांच्या फटीत घोट्यापर्यंत अडकला. विनीत वाकून फळी ओढायला लागला, पण त्या फळीवर दहा माणसं उभी.

"माझं ऱ्हाऊदे!" सुविधा किंचाळली आणि तिनं सानवीला उचलून त्याच्या छातीवर अक्षरशः फेकलं. "तिला घेऊन जावा आधी! जावा म्हणते ना!"

तो गेला. कनातीची कड वर करून, वाकून, पोरीचं डोकं हातानं झाकून तो बाहेर पडला आणि तंबूपासून लांब, रस्त्याच्या अंगाला धावत सुटला. सानवी आकांत करत होती. "आय! माजी आय! सोड मला!" तिनं त्याच्या तोंडावर चापट्या मारल्या, मानेला कडकडून चावली. त्यानं पकड ढिली केली नाही.

रस्त्याकडेला येसूबाई नावाची एक म्हातारी उकडलेल्या शेंगांची पाटी घेऊन बसली होती. तिला दिसला तो रडणाऱ्या पोरीला आवळून गर्दीतून पळणारा, शहरी बुटांतला अनोळखी पुरुष.

"ओ! थांबा ओ!" ती उठलीच. "कुणाचं पोर नेतव?"

"माझंच हाय," विनीत धापा टाकत म्हणाला. "आजी, हिला जरा धरा. माझी बायको आत अडकलीय, मला परत जायला हवं."

पण तोवर चार-पाच जण जमले होते. एकानं त्याचं मनगट धरलं. "खंय जातोस? पोर टाकून पळतोस?"

"अरे, पळतो कुठं? बायको आत हाय माझी!"

येसूबाईनं सानवीला घेतलं. आणि पाठीवरून दोनदा हात फिरला असेल नसेल, सानवीचं रडणं हुंदक्यांवर आलं. कधी न पाहिलेल्या त्या म्हातारीच्या मानेत तिनं तोंड खुपसलं. विनीत बघत राहिला.

"बाय माजी," म्हातारीनं विचारलं, "ह्यो तुजा बापूस काय?"

सानवीनं मान वळवून विनीतकडं नीट पाहिलं. मग मान हलवली. "नाय. माजे बाबा मस्कतला."

त्यानंतर त्याचं कुणी ऐकेना. "मीच तो, मीच मस्कतला असतो," तो सांगत होता, आणि जितकं सांगत होता तितकं ते खोटं वाटत होतं. एकानं त्याची कॉलर धरली, दुसऱ्यानं पाठीत धपका घातला. बंदोबस्ताचा हवालदार आला. विनीतनं पाकिटातला फोटो काढला. सहा महिन्यांचं, टक्कल असलेलं, दुपट्यातलं बाळ.

"ह्या फोटोवरून काय ओळखणार?" हवालदार म्हणाला. "ह्या वयात सगळी पोरं सारखीच. पोरीच्या अंगावर काय खूण सांगा. तीळ, डाग, काय?"

विनीतनं सानवीच्या हातापायांवरून नजर फिरवली. त्याला ठाऊक नव्हतं. तिला आंघोळ घालताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं, तो जवळ गेला की ती रडायची.

"बघा, बोलत नाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"साहेब, मला धरा, बेड्या घाला," विनीतला रडू फुटलं, "पण आत माणूस पाठवा कुणीतरी. पायरीच्या डाव्या अंगाला, चौथी फळी. हिरवं लुगडं... साडी हाय. पाय अडकलाय तिचा." तंबूवर धूर दिसत होता, माणसं लोंढ्यानं बाहेर येत होती, आणि तो चार परक्या हातांत जागच्या जागी उभा होता.

पाव तास गेला असेल. मग लंगडत, एका पायात चप्पल, कपाळावर काजळी, अशी सुविधा आली. सर्कशीतल्याच दोघा गड्यांनी पहारीनं फळी उचकटून तिला सोडवलं होतं. आग अशी नव्हतीच, जनरेटर जळला होता. तरी तिला तेव्हा ते कुठलं माहीत!

"आय!" सानवीनं म्हातारीच्या कडेवरून झेप घेतली.

"बाई, हा तुमचा कोण?" हवालदारानं विचारलं.

सुविधाला प्रश्नच कळेना. तिनं नवऱ्याची फाटलेली कॉलर बघितली. "कोण म्हंजे? नवरा माझा. हिचा बापूस."

हात सुटले. कुणीतरी त्याच्या शर्टावरची धूळ झटकली. "काय करणार भाऊ, पोरच नाय म्हणालं." येसूबाईनं शेंगांचा पुडा आणून त्याच्या हातात कोंबला. "रागावू नको रे. माजा जीव नाय ऱ्हायला." विनीत रागावला नव्हता. ते बरोबरच वागले, हेच त्याला जास्त लागलं.

एस.टी.त सुविधानं आपणहून सांगितलं, "डाव्या गुडघ्याच्या मागं तीळ हाय तिच्या." तो "बरं" म्हणाला. घरी सुविधानं सगळी हकीकत सांगितली तेव्हा आधी विनीतची आई रडली, मग "बाबा मस्कतला" ऐकून पदर तोंडाला लावून हसली, काशीरामही हसले. विनीतनंही हसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीला फोन लावून रजा पंधरा दिवस वाढवून मागितली. पलीकडच्या माणसानं शांतपणे सांगितलं, तिकीट बदलत नाही, करार अजून दोन वर्षांचा आहे.

गुरुवारी दुपारी सगळे त्याला मुंबईच्या गाडीवर बसवायला हातखंब्याला आले. गाडी तासभर उशिरा आली. तोवर उन्हानं कंटाळून सानवी आईच्या खांद्यावर झोपून गेली होती, तोंड पलीकडं करून.

"उठवू काय?" सुविधानं विचारलं.

विनीतनं पिशवी उचलली. "नको," तो म्हणाला. "उठली की मला बघून रडेल."