आक्काची गुरगुर

मी या घरातली आक्का बोलतेय. माणूस नव्हे, कुत्री. रंगाने काळी, उजवा कान फाटलेला, तोंडाभोवती आता थोडी पांढरी लव. कुत्रं म्हटलं की तुम्हाला लगेच काहीतरी प्रेमळ, इमानी, झालं गेलं विसरून शेपूट हलवणारं आठवतं. त्या भ्रमात राहू नका. मी काही विसरत नाही. मी डूख धरलाय आणि तो का धरला ते तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म लाकडाच्या वखारीतला, भुशाच्या ढिगावरचा. डोळे उघडून फार दिवस झाले नव्हते तेव्हा आईने मला उचललं. आई म्हणजे या घरातली आई. ती बायकांचे कपडे शिवते. चिंध्यांच्या पिशवीत घालून तिने मला घरी आणलं आणि मशीनखाली, पायडलच्या शेजारी ठेवलं. तीच माझी जागा झाली. वर मशीन खडखडायचं, मोटर गरम व्हायची, अंगावर दोऱ्याचे तुकडे पडायचे. त्या आवाजाशिवाय मला आजही गाढ झोप लागत नाही.

घरात बाबा, ते बस चालवतात. दोन मुली, थोरली आणि धाकटी. मी आल्यावर वर्षभराने ढोल्या कुत्रा आला. ढोल्या म्हणजे चार पाय फुटलेला लोड. खातो, लोळतो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग धाकटीने छकुलीला आणलं.

छकुली! नाव घेतलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मूठभर पिल्लू, गोरंगोमटं, आणि मोठाले डोळे करून बघायची कला पाठ. आल्या आल्या ती थेट मशीनखाली घुसली. मी उठले नाही. तर आई म्हणाली, "आक्का, तू मोठी आहेस ना? सोड तिला जागा."

हे वाक्य या घरात नवीन नव्हतं. थोरलीने ते लहानपणापासून ऐकलेलं. बाहुली सोड, खिडकीची जागा सोड, शेवटचा घास सोड, तू मोठी आहेस ना! आईने दोन मुली याच नियमावर वाढवल्या, आणि तोच नियम आमच्यावर लावला. तिच्या मनात वाईट नव्हतं, हे मलाही कळतं. पण मी उठले तशी छकुली माझ्या उबेत पसरली आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की, जा गं, बस तिकडे.

पुढे हे रोजचंच झालं. माझ्या वाटीत तिचं तोंड आधी. मी हाड चघळत बसले की ते ओढून न्यायची. मी दारातून जाऊ लागले की आडवी यायची. माणसांच्या नजरेत यातलं काही येत नव्हतं. "किती लाघवी आहे गं!" म्हणून धाकटी तिचे मुके घ्यायची.

मी सरळ रस्त्याने गेले. मी गुरगुरले. आमच्यात गुरगुरणं म्हणजे शिवी नसते हो. 'बाई, बास झालं, मागे हो' एवढंच ते सांगणं असतं. पण आईने कापड मापायची लाकडी पट्टी माझ्या पाठीत हाणली. "लहान आहे ती! गुरगुरतेस कुणावर?"

पुन्हा गुरगुरले, पुन्हा पट्टी. मग मी गुरगुरणं सोडून दिलं. आई खूश झाली. बाबांना म्हणाली, "बघा, सुधारली आक्का. हूं की चूं करत नाही आता."

सुधारली कसली! मी मूग गिळून बसले होते आणि एकेक गोष्ट मनात साठवत होते. छकुली अंगाने भरली, माझ्याएवढी झाली, तरी घरात ती लहानच राहिली.

एका दुपारी बाबांनी मटणाची हाडं आणली. माझ्या वाट्याचं मी तोंडात धरलं आणि छकुली आली. सवयीने, खुशाल, मान पुढे करून. या वेळी मी काही सांगितलं नाही. सांगायचं मला मनाईच होती ना? मी सरळ तिची मान धरली.

मग जे झालं ते झालं. तिने माझा कान फाडला. ढोल्या घाबरून मध्ये पडला आणि त्यानेही कुणाला तरी चावून घेतलं. खुर्ची पडली, धाग्यांचा डबा सांडला. आईने आमच्या मध्ये हात घातला आणि तिच्या उजव्या हाताला दात लागले. कुणाचे, ते कुणालाच कळलं नाही. पण नाव माझं झालं.

संध्याकाळी आईच्या हाताला बँडेज, माझ्या कानाला टाके. बाबा म्हणाले, "कुणी काही केलं नसताना अंगावर गेली. अशा जनावराचा भरवसा नाही. माझ्या मित्राच्या गोदामावर राखणीला कुत्रं हवंय, त्याला देऊन टाकू."

"तो साखळीला बांधून ठेवतो, बाबा," थोरली म्हणाली. "ऊन असो, थंडी असो."

"मग काय हिला डोक्यावर घेऊन बसू?"

थोरलीने ऐकलं नाही. आईला बरोबर घेऊन ती मला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. टाके बघता बघता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चावायच्या आधी गुरगुरली नाही का?"

आई जरा अभिमानानेच म्हणाली, "छे! गुरगुरायची सवय मी केव्हाच मोडली."

"अहो, तिथेच तर घोळ झाला. ती सांगत होती, तेव्हा तुम्ही मारलंत. आता ती न सांगता चावणार."

"पण मोठीने समजून घ्यायला नको?"

थोरलीचा आवाजच फुटला. "किती समजून घ्यायचं, आई? मीही गप्पच बसत आले ना? तुला वाटलं मी समजूतदार आहे!"

घरी येईपर्यंत आई माझ्या डोक्यावर हात ठेवून बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून घराचा कायदा बदलला. जेवण तिघांना तीन खोल्यांत. शिवणाच्या खोलीच्या दाराला लाकडी जाळी, आत मी. भांडण झालंच तर हात घालायचा नाही, मध्ये प्लायचा तुकडा सरकवायचा. आणि मी गुरगुरले की मला ओरडायचं नाही, छकुलीला हाक मारून लांब न्यायचं. बाबा मात्र बजावून गेले, "पुन्हा एकदा चावली, की दुसऱ्या दिवशी गोदाम."

आणि एक दिवस धाकटी जाळीची कडी लावायला विसरली.

मी पाणी पिऊन परत आले तर छकुली मशीनखाली. माझ्या जागेत. उताणी, चारी पाय वर, गळा उघडा. आई पलीकडे इस्त्री करत होती, पाठ आमच्याकडे. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू? पट्टीचा एकेक फटका आठवला. फाटलेला कान ठणकला. एका झेपेचं काम होतं.

आणि नंतर साखळी. ही बया इथे मशीनखाली लोळणार आणि मी गोदामाच्या दाराशी उन्हात. वा रे वा! म्हणजे पुन्हा जागा मीच सोडायची?

मी चारी पाय रोवले आणि गुरगुरले. पोटातून, दात दाखवून, साठवलेलं सगळं घालून. छकुली दचकून उठली. आई वळली. तिचा हात सवयीने पट्टीकडे गेला आणि पट्टीवरच थांबला.

"कळलं गं बाई, कळलं," ती म्हणाली. मग तिने आवाज चढवला, "छकुली, ऊठ! चल, बाहेर हो आधी!"

छकुली शेपूट घालून निघाली. दारात तिने मागे वळून आईकडे ते मोठाले डोळे करून पाहिलं. आईने जाळी लावून टाकली. अहो, चावण्यात कुठे होती ही मजा!

त्या रात्री जेवताना बाबांनी गोदामाचा विषय काढला. आई म्हणाली, "आक्का कुठेही जाणार नाही. तिने आधी सांगितलं, मी ऐकलं. मिटलं." थोरली ताटातून मान वर करून आईकडे बघतच राहिली.

तुमच्या घरी दोन-तीन कुत्री असतील तर एवढं माझं ऐका. गुरगुरणाऱ्याच्या तोंडावर मारू नका. त्याचं म्हणणं ऐका आणि वेळेवर दोघांना लांब करा. मुकं झालेलं कुत्रं शहाणं झालेलं नसतं.

आता आम्ही बरोबर फिरायलाही जातो. ती त्या कडेने, मी या कडेने, मध्ये थोरली. म्हणून मी छकुलीला माफ केलं असं समजू नका. रोज संध्याकाळी तिचं खाणं घाईघाईत उरकतं आणि ती जाळीला नाक लावून माझ्या वाटीकडे बघत बसते. वाटी तर केव्हाच संपलेली असते. तरी मी चाटत राहते, सावकाश, ती कंटाळून उठून जाईपर्यंत.