बावन्न नंबरचं हेल्मेट

"डोकं फिरलेलं असलं तरी चालेल, त्याच्यावरचं हेल्मेट फिरता कामा नये!" असं हायमकाका आपटेकर रोज सकाळी गेटवर ओरडायचे आणि रांगेतले लोक रोज हसायचे. द्रोणागिरीला एका गोदामाचं काम चालू होतं. आत चाळीस फूट उंचीचे लोखंडी रॅक उभे राहत होते आणि त्यांच्याखाली शिरणाऱ्या दीडशे डोक्यांची जबाबदारी हायमकाकांवर होती. एकतीस वर्षं एका केमिकल कंपनीचं स्टोअर सांभाळलेला माणूस. निवृत्त झाल्यावर नवीन पनवेलच्या घरात बसून बायकोच्या आमटीत चुका काढायला लागला, तेव्हा तिनंच, जोकबेदनं, हात जोडले. "अहो, जा कुठंतरी. तिथल्या लोकांच्या चुका काढा."

नोकरी घेताना काकांची एकच अट होती. शनिवारी येणार नाही. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरी पोचायचं, फोन बंद करायचा, तो शनिवारी चांदण्या दिसल्यावरच चालू करायचा. बेने इस्रायलांचा शब्बाथ तो, वडिलांनी पाळला, आपणही पाळायचा. त्याच्या बदल्यात रविवारी येऊन स्टोअर लावून ठेवीन म्हणाले. कॉन्ट्रॅक्टर प्रणित म्हणाला, "डन, काका." तिथल्याच गावचा पोरगा. आजोबा भात लावायचे, हा गाडीतून उतरताना बुटाला माती लागली तर वैतागायचा.

आता हेल्मेट घालायला अक्कल कशाला लागते, असं तुम्ही म्हणाल. लागते हो! आतल्या पट्टीला मागे एक चकती असते, ती कटकट करत फिरवली की पट्टी आवळते किंवा सैलावते. काका प्रत्येकाला पुढे वाकायला लावायचे, मग वर बघायला लावायचे, मग मान झटकायला. एवढं करून हेल्मेट जागचं हललं नाही तरच आत सोडायचे. कुणाचं डोकं कलिंगडाएवढं, कुणी आत गमछा गुंडाळून आलेला, कुणी तेल इतकं चोपडलेलं की पट्टी घसरायची. बायकांचे अंबाडे तर पट्टीच्या नेमके आड यायचे. "अंबाडा खाली मानेवर बांध गं, लग्नाला नाही आलीस!" म्हणून ओरडायचे. मग माप जुळलं की आत पांढऱ्या रंगानं नंबर आणि नाव लिहून हेल्मेट खुंटीला लावायचे. म्हणजे शनिवारी वॉचमन धर्मराजनं नुसतं नाव वाचून द्यायचं. एवढं करून रजिस्टरात 'माप जुळवले' या रकान्यात बरोबरची खूण.

सगळ्यांत लहान डोकं मालूचं. झाडलोट करायची. तिच्या सासऱ्यांचं मिठागर होतं, ते त्याच गोदामाखाली गेलं होतं, आणि आता त्याच जागेवर ही बाई केर काढत होती. बावन्न नंबर म्हणजे पट्टीची शेवटची कट. तिच्या पलीकडे चकती फिरतच नाही.

"काका, मना पोराचं हेल्मेट आणा," ती म्हणायची.

"पोराचं कशाला? डोकं वाढव तुझं!"

"त्यात घालाला काय हाय माज्याकडं?" म्हणून तोंडाला पदर लावून हसायची. काकांची लेक केरेन इस्रायलला, वर्षवर्ष तोंड दिसत नाही. या हसऱ्या बाईवर त्यांचा जीव होता आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

जानेवारीत माणसं वाढली. दीडशेची अडीचशे झाली, त्यातली निम्मी रोज नवी. रांग गेटबाहेर रस्त्यावर गेली. क्रेन भाड्यानं आणलेली आणि माणसं गेटवर डोक्याची मापं देत उभी, म्हटल्यावर प्रणितचं टाळकं सटकलं. सोमवारी सकाळी तो काकांच्या टेबलाशी आला.

"काका, हे शिंप्याचं दुकान बंद करा. सगळी हेल्मेट साठवर सेट करा. साठ सगळ्यांना जातं."

"जातं, पण बसत नाही."

"डोक्यावर दिसलं म्हणजे झालं. खुंट्याबिंट्या काढा, नावं पुसा. ज्यानं त्यानं टोपल्यातून उचलायचं आणि सुटायचं."

"लेखी दे मला."

"लेखी?" प्रणित हसला. "काका, तुमच्या वयाला नोकरी कोण देतं हो लेखी?"

झालं. एकतीस वर्षं नियमाला धरून चाललेला हा माणूस तिथंच मऊ पडला. दोन दिवस बसून त्यांनी स्वतःच्या हातांनी अडीचशे चकत्या साठवर फिरवल्या आणि घासून घासून नावं पुसली. बरं, रजिस्टरातला तो रकाना तरी रिकामा ठेवावा की नाही? तोही नाही. 'माप जुळवले'पुढे रोज खुणा चालूच, शनिवारच्या तर आदल्या दिवशीच. रकाना रिकामा दिसला तर विचारणा होईल, म्हणून.

फक्त एक हेल्मेट त्यांनी तसंच ठेवलं. बावन्न, मालू. सकाळी ते टेबलाखाली ठेवायचे, ती आली की हळूच पुढे सरकवायचे. संध्याकाळी ती परत द्यायची, आणि सगळे गेले की प्रणितच्या नजरेला पडू नये म्हणून काका ते कपाटात टाकून कुलूप लावायचे. कपाटाचं तिला ठाऊक नव्हतं. शुक्रवारी जाताना तिनं विचारलं, "काका, उद्या तुमी नाय. घरी नेऊ का?"

"साईटचा माल साईटवर," काका फटकन बोलले. सवयच ती. स्टोअरातून खिळा बाहेर जाऊ दिला नाही कधी. मग आवाज जरा उतरवून म्हणाले, "टेबलाखाली ठेवतो. धर्मराजला सांगून जातो."

आणि सांगायचं राहिलं. पाचची बस सुटायला आली होती, ती चुकली असती तर सूर्य रस्त्यातच मावळला असता. काकांनी घाईघाईत दिवे बंद केले, आवराआवर केली, आणि रोजच्यासारखं हेल्मेट कपाटात टाकून कुलूप लावलं. हाताला वळण पडलेलं, डोकं घराच्या वाटेवर. संध्याकाळी जोकबेदनं शब्बाथचे दिवे लावले तेव्हा कपाटाची किल्ली काकांच्या पँटच्या खिशात होती.

शनिवारी चांदण्या दिसल्या, फोन चालू केला, तर धर्मराजचे सात मिस्ड कॉल. पहिला सकाळी आठ वाजून पाच मिनिटांचा. काकांनी उभ्याउभ्याच फोन लावला.

"काका, मालूबाई टेबलाखाली बघत होती, तिचं हेल्मेट मागत होती. मी म्हटलं, कपाटात असेल, पण किल्ली कुठाय? तुमचा फोन बंद. मग टोपल्यातलं एक दिलं तिला." धर्मराजचा आवाज चिरकत होता. "दुपारी वरून कुणीतरी ओरडलं. तिनं वर बघितलं, तर हेल्मेट मागच्या मागं गळून पडलं. आणि वरून लोखंडी ब्रॅकेट आलं. जिवंत आहे काका, पण शुद्धीवर नाही."

"कुणाला बोललास?"

"किल्लीचं? नाही. मी बोलत नाही, तुम्हीही माझं नाव घेऊ नका. मलाही पोरंबाळं आहेत."

रात्रभर काका पलंगावर बसून होते. जोकबेदनं तीनदा विचारलं, तीनदा म्हणाले, "पित्त झालंय."

रविवारी ते साईटवर गेले. कपाट उघडलं. हेल्मेट होतं तसंच होतं. ते काकांनी उचललं आणि टेबलाखाली ठेवलं, जिथं ते शनिवारी असायला हवं होतं तिथं. वाईट हेतू होता का? तेव्हा त्यांना विचारलं असतं तर शपथेवर नाही म्हणाले असते. आपली चूक कुणाला दिसू नये, एवढंच डोक्यात होतं. बाकी प्रणितनं साठचा हुकूम दिलाय, ते बाहेर येईलच, तोच निस्तरेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. भित्र्या माणसाला स्वतःला समजवायला किती वेळ लागतो?

सोमवारी तपासणीचे साहेब आले. प्रणित बरोबर होता, केस विंचरून. साहेबांनी टोपल्यातली हेल्मेट उलटीपालटी केली. "ही सगळी एकाच मापाला कशी?"

काकांनी तोंड उघडलं. "साहेब, ती साठवर—"

"काकांनीच केलीत, साहेब," प्रणित शांतपणे म्हणाला. "माणूस हेल्मेट परत देतो तेव्हा सैल करून ठेवतात. सकाळी परत ज्याच्या त्याच्या मापाला आवळतात. रजिस्टर बघा ना. अक्षर काकांचंच आहे."

साहेबांनी पानं उलटली. खुणा, खुणा, खुणा. एकही रकाना रिकामा नाही. मग साहेब वाकले आणि त्यांना टेबलाखालचं हेल्मेट दिसलं. बाहेर काढलं, आत बघितलं. बावन्न, मालू.

"हे त्याच बाईचं?"

"हो," काका म्हणाले.

"तिच्या मापाचं, तिच्या नावाचं. शनिवारी हे कुठं होतं?"

अहो, एक शब्द होता. 'कपाटात.' कपाटात म्हटलं की कुलूप आलं, कुलूप आलं की किल्ली आली, किल्ली आली की हायम आपटेकर आले. नोकरी गेली असती, कदाचित पोलीसही आले असते. पण मालू सुटली असती. धर्मराज दारात उभा होता, तो खाली बघत होता.

"इथंच होतं," काका म्हणाले. "टेबलाखाली."

साहेबांनी हेल्मेटचे फोटो काढले. प्रणितनं वळून काकांकडे बघितलं. एवढं त्यानंही मागितलं नव्हतं. अहवाल झाला. त्यात लिहिलं, कामगार स्त्रीला तिच्या मापाचं हेल्मेट नावानिशी उपलब्ध होतं, तिनं ते जाणूनबुजून घेतलं नाही. अपघातास ती स्वतः जबाबदार. म्हणजे भरपाई नाही, आणि दवाखान्याचा पुढचा खर्च तिचा तिनं बघायचा. काकांनी सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून जी एक माया केली होती, तीच बाईच्या गळ्याचा फास झाली. अडीचशे चुकीच्या हेल्मेटांनी तिचं जेवढं वाटोळं केलं नाही, तेवढं त्या एका बरोबर हेल्मेटानं केलं.

दोन आठवड्यांनी काका तिला बघायला गेले. सुकापूरला तिच्या नणंदेचं घर, तिथं आणून ठेवलं होतं. नवरा जीवन दारात भेटला. "या काका," म्हणाला. राग नाही, काही नाही. काकांना वाटलं, यानं निदान एक शिवी तरी हासडावी.

मालू भिंतीला टेकून बसली होती. डोक्याचे केस काढलेले, एका बाजूला टाके, डावा हात मांडीवर पडलेला. इतकंसं डोकं ते, सुजून वाढलं होतं. काकांच्या नजरेनं सवयीनं माप घेतलं. छप्पन्न. त्यांना स्वतःचीच किळस आली.

"काका," ती अडखळत बोलली, "मना त्या दिवसाचं कायच आठवत नाय. सकाळी भाकरी केली, तेवरंच. पन साहेबांनी वाचून दावलं ह्यांना. तुमी टोपी ठेवली व्हती ना, माज्या नावाची?"

काकांनी हो म्हणून मान हलवली.

"आन् मी मेलीनं घेतली नाय!" तिचे डोळे भरून आले. "घाई झाली असंल. नायतर आलस केला असंल. तुमी एवरं पोरीसारखं जपलं, आन् मी तुमचं नाव घालवलं. ह्यांना बी मी तेच सांगतंय, कोनाला बोल लावू नका, चूक माजीच हाय."

जीवननं पाण्याचा तांब्या पुढे केला. काकांनी तो न पिताच खाली ठेवला. सांगावं, आत्ता सांगावं, नवरा समोर आहे, अहवाल बदलता येतो, अजून वेळ गेलेली नाही. त्यांनी खिशात हात घातला. किल्ली तिथंच होती.

"मी बरी झाल्याव परत येनार हाय," मालू म्हणाली. "ती टोपी कोनाला देव नका हां, काका."

"नाही देणार."

"कुटं ठेवाल? टेबलाखालून कोनी पन उचलंल."

"कपाटात ठेवतो," हायमकाका म्हणाले. "कुलूप लावून."

"बरं झालं," मालू म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.