पुंजण्याची जबानी

इसरूचं पुंजणं जळालं ते बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. कापलेल्या धानाचे भारे खळ्यावर गोल रचून ठेवतात, त्या ढिगाला झाडीपट्टीत पुंजणं म्हणतात. इसरू आणि कमळाचं वर्षाचं पोट त्या एका ढिगात होतं. गाव बाजाराला गेलेलं. इसरूही निघाला होता, पण पिशवी विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परतला, आणि बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पारीवरून त्याने पाहिलं: पत्रू पुंजण्याशी वाकला, काडी ओढली आणि मोहाच्या झाडांकडे पळाला. इसरू धावत पोचेस्तोवर ढीग खालपासून वरपर्यंत पेटला होता.

पत्रूचा राग जुना होता. मातामायच्या पूजेत डफडं वाजवायचं ते इसरूनेच, बापापासूनचा मान. तीन वर्षांपूर्वी तो ख्रिस्ती झाला, डफडं त्याने आढ्याला टांगलं ते खाली काढलंच नाही. पूजेचं सगळं पत्रू पाहायचा. त्याने आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, मग बोलणं टाकलं. माणूस बोलणं टाकतो तेव्हा खरं भ्यायला पाहिजे, पण इसरूला वाटलं, चला, कटकट गेली.

पत्रूला क्षमा करायची, त्याचं नाव कोणापुढे घ्यायचं नाही, असं इसरूने त्याच संध्याकाळी ठरवलं. ठरवलं खरं, पण घास काही गिळवला नाही. कमळाला मात्र त्याने सगळं सांगितलं, आणि ती मूल गावच्या धानगिरणीत कामाला जायची तयारी करू लागली.

तिसऱ्या दिवशी पोलिसांची जीप आली आणि पत्रूला घेऊन गेली. पण पुंजण्यासाठी नव्हे. बाजाराच्याच दुपारी पाच कोसांवरच्या जंगलखात्याच्या लाकूड डेपोत कोणीतरी गार्डाचं डोकं फोडलं होतं. त्या गार्डाने मागे एकदा पत्रूची कुऱ्हाड जप्त केली होती, तेव्हापासून दोघांचं वाकडं. म्हणून त्याने पत्रूचं नाव सांगितलं. तू त्या वेळी कुठे होतास, असं विचारल्यावर पत्रू आधी म्हणाला घरी, मग म्हणाला बाजारात. बाजारात त्याला कोणीच पाहिलं नव्हतं. खरं सांगायची तर सोयच नव्हती.

कमळा म्हणाली, "देवानं न्याय केला. आता तुमी मधात नका पडू."

इसरू म्हणाला, जळक्या भाऱ्यांतून काही दाणे निघतात का ते पाहून मग ठाण्यात जातो. दुसऱ्या दिवशी एसटीचा भरवसा नव्हता. तिसऱ्या दिवशी पायात खुंट रुतला होता. चौथ्या दिवशी त्याने धुतलेला सदरा घातला आणि तालुक्याची गाडी धरली. कमळाने अडवलं नाही, पण शिदोरीही बांधली नाही.

ठाण्यातला साहेब साताऱ्याकडचा, जिल्ह्यात नवा. त्याच खोलीच्या कोपऱ्यात गजांमागे पत्रू उकिडवा बसला होता. इसरूला पाहताच त्याने तोंड भिंतीकडे केलं. आला हा आपल्याला बुडवायला, असंच त्याला वाटलं असणार.

इसरूने सांगितलं की त्या दुपारी पत्रू डेपोवर नव्हताच, माझ्या पुंजण्यापाशी होता, मी डोळ्यांनी पाहिलं. साहेबाने वेळ विचारली, भराभर लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं: सदर इसम त्या वेळी माझ्या घरी पूजनास हजर होता. वर त्याने विचारलं, तुम्ही ख्रिस्ती ना, मग पूजन खोडून प्रार्थना लिहू का?

हवालदार इथलाच. त्याला सगळं कळलं. त्याने मुकाट्याने शाईचा पॅड पुढे सरकवला आणि डोळ्याने खुणावलं, कर अंगठा. सगळ्यांचंच भलं होत होतं. पत्रू सुटत होता, आगीचा विषय निघत नव्हता, आणि इसरूच्या तोंडून एक अक्षर खोटं गेलं नव्हतं; घोटाळा साहेबाच्या कानाने केला होता. इसरूला मोह पडला. शाई लावलेला अंगठा त्याने कागदावर तसाच अधांतरी धरला.

"साहेब, पूजन नाई," तो म्हणाला. "पुंजणं. धानाचं."

हवालदाराने नाइलाजाने अर्थ सांगितला. मग पुंजण्यापाशी तो काय करत होता, असं साहेबाने विचारलं.

"पेटवून राह्यला होता."

साहेबाने पेनाला टोपण लावलं. आधी त्याने इसरूला नीट न्याहाळलं, मग तक्रार दे म्हणाला, आगीच्या गुन्ह्यात याला आतच ठेवतो. इसरू नको म्हणाला. कोणी धमकावलं का, तर तेही नाही.

"त्यानं माझं धान जाळलं, गार्डाले मारलं नाई," इसरू म्हणाला. "न केलेलं त्याच्या नावावर कायले लिवता? आन् जे केलं, ते मी माफ केलं."

कायद्यात माफी नावाचं कलम नाही, असं साहेब बराच वेळ ओरडून सांगत राहिला. पण मारणाऱ्याचं तोंड नीट दिसलं नव्हतं, असं गार्डही आता म्हणू लागला होता. शेवटी एक शिवी हासडून, बोलावलं की हजर व्हायचं या बोलीवर, साहेबाने पत्रूला सोडलं.

गावाकडे जाणारी गाडी एकच. स्टँडवर बाकही एकच. पत्रू त्यावर ऐसपैस बसला होता, ओठ सुजलेला. इसरू खांबाला टेकून उभा राहिला. गाडीला बराच उशीर होता.

पत्रूने समोर पाहतच विचारलं, "तू पाह्यलं होतं मले?"

"हो."

"मंग चार दिवस चूप काऊन राह्यला?"

भारे, एसटी, खुंट, सगळी उत्तरं इसरूच्या ओठांवर होती. कमळाला ती चालली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"बरं वाटून राह्यलं होतं मले," तो म्हणाला. "तू अंदर हायेस म्हणून."

पत्रूने पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ठाण्यातली माफी त्याच्या काही गळी उतरली नव्हती. हे मात्र उतरलं. तो बाकावर जरासा सरकला, आणि इसरू शेजारी बसला.