अर्ध्या गोळीचा अडकित्ता

मला बोलतं करायची हौस कुणाला आली कोण जाणे. लोखंडाचं कसलं आलंय आत्मवृत्त! पण मागेच लागलात, तर ऐका. मी अडकित्ता बोलतोय. शिर्सीकडचा, लोहाराच्या हातचा. शाळा पाहिली नाही, सुपारी तेवढी शिकलो.

भागीरथज्जीच्या लग्नात तिच्या तबकात आलो. तंबाखूशिवाय तिचं पान कधी झालं नाही. पुढं दात पडले, कुटलेली सुपारी पुडीतून येऊ लागली. अज्जी म्हणाली, "याची धार गेली. बोथट मेला!" तेव्हापासून मी तबकाच्या तळाशी.

यंदा नात वैदेही बाळंतपणाला आली. पोर गुटगुटीत, पण ही हसेना, जेवेना, भिंतीकडे तोंड करून रडायची. तिची आई सुमित्रा, म्हणजे अज्जीची सून, तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी मनाची उदासी घालवायची गोळी दिली. "अंगावर पाजतेस म्हणून हीच निवडली. दुधात फार थोडी उतरते. आठवडाभर अर्धी, मग पूर्ण. बाळ फार पेंगत नाही ना, नीट पितंय ना, एवढं बघ."

घरी अज्जी कडाडली, "गोळी खायची तर दूध तोडा! पोराला विष पाजणार का?"

वैदेहीनं गोळ्या खाली ठेवल्या. "मग नकोच मला."

सुमित्रा सासूपुढं कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "अत्ते, तुमचे चिरंजीव अंगावर पीत होते, तेव्हा तुमची तंबाखू बंद होती का?"

"ते पान होतं गं!"

"आणि हे औषध आहे, डॉक्टरला विचारून घेतलेलं. तुमचं पान कुणाला विचारून होतं?"

साक्षीदार मी. सगळी सुपारी मीच कातरली होती.

अज्जीनं तबक उपसलं, मला उकळत्या पाण्यात घातलं. जन्माचा चुना निघाला. कोरडं करून गोळी मधल्या रेघेवर धरली. कट्! दोन सारखे अर्धे.

"घे. आणि पोराला पाज. माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस."

आठवडाभरात अशा चार गोळ्या कातरल्या; मग पूर्ण गोळी सुरू झाली, मी पुन्हा बेकार. लगेच काही फरक दिसला नाही. महिन्याभरानं एका सकाळी पोर पिता पिता शिंकलं, दूध वैदेहीच्या नाकावर, आणि ती खदखदून हसली. अज्जीचं पान गालातच राहिलं.

मी परत तळाशी आहे. एवढंच सांगतो, बाळंतीण अशी गप्प झाली तर डॉक्टरला विचारा, पानाच्या तबकाला नको. आणि त्या चार गोळ्या बघूनही मला बोथट म्हणणारीनं एकदा माफी मागावी. नाव सांगू? भागीरथज्जी.